अकरावं पान

नाकवाल्या काकूंचं नाक दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक स्वतः काकू, दुसरी त्यांची सून. काकूंच्या मुलालासुद्धा पत्ता नव्हता. तो लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा, महिन्यातले आठ दिवस घरी असायचा, आणि त्यातले सहा झोपण्यात जायचे.

आता नाकाला वास येईनासा झाला तर एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण या घराचं पोट त्या नाकावर चालायचं. रानातला पाला, खोकल्यावरची मुळं, सुजेवर बांधायची पानं, असं काय काय वेचून आणायचं, निवडायचं, जुड्या बांधायच्या आणि बाजारात नाहीतर टेकडीवरच्या हॉटेलात द्यायच्या, हा काकूंचा चाळीस वर्षांचा धंदा. सगळ्यात जास्त मागणी रानलसणाच्या पानांना. रुंद, मऊ, हिरवंगार पान, टोक चिमटलं की लसणाचा वास. आणि त्याच ओढ्याकाठी, त्याच सावलीत, कधी कधी अगदी मांडीला मांडी लावून दुसरं एक रोप येतं. पान तसंच, उंची तेवढीच. वास मात्र नाही. ते पोटात गेलं की आधी उलट्या होतात, मग छातीतले ठोके मंदावत जातात. कितीही उकळलं तरी विष जात नाही. पाला वेचणाऱ्या बायका त्याला सवत म्हणतात, आणि नाव ज्या कुणी ठेवलं तिने विचार करूनच ठेवलं असणार.

काकूंचे नियम दोन. दहा पानं चिमटून झाली की हात ओल्या मातीने घासून धुवायचे, मगच अकराव्या पानाला हात लावायचा. कारण दहा पानांचा वास बोटांना चिकटतो, आणि मग सवतसुद्धा लसणासारखी वास मारते. दुसरा नियम आणखी सोपा. शंका आली की टाकायचं, त्यात वादावादी नाही.

दोन वर्षांपूर्वी काकूंना ताप आला आणि आठवड्याने उतरला. एका सकाळी सून अंगणातून आत आली तर चुलीवरचं दूध जळून काळं ठिक्कर पडलेलं, घरभर धूर, आणि काकू शेजारी बसून निवांत मुळं सोलतायत. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि तिचं मनगट धरलं.

"कुणाला बोलू नकोस. महिना-दोन महिन्यांत येईल परत."

आलं कुठलं? मग दोघींनी मिळून एक पद्धत बसवली. सून वेचणार, तीच चिमटून वास घेणार, तीच जुड्या बांधणार. चांगल्या जुडीची गाठ वर, शंकेच्या जुडीची गाठ खाली. गिऱ्हाईक आलं की काकू खुर्चीत ताठ बसणार, एकेक जुडी नाकाशी नेणार, डोळे मिटणार आणि अंगठ्याने गाठ चाचपून "चालेल" नाहीतर "काढ" म्हणणार. लोक हे बघायला थांबायचे. काकूंच्या नाकाचं कौतुक करताना जवळ उभ्या असलेल्या सुनेला सांगायचे, "बघून शिका जरा." सून मान डोलवायची. दुसरं काय करणार बिचारी?

सुरुवातीला तिला यात गंमतही वाटली होती. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता कुठे जाताच येत नाही. माहेरी दोन दिवस जायचं म्हटलं तर धंदा बंद ठेवायला कारण शोधावं लागे. सर्दी झाली तर ती लपवून मिठाच्या पाण्याने नाक धुवत बसायची, कारण तिचं नाक चोंदलं की काकूंचं नाक चोंदलं. चोवीस तास तिचं नाक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसलेलं होतं. आणि हे बोलायचं कुणाजवळ? ज्यांच्याजवळ बोलावं त्या तर समोर बसून मुळं सोलत होत्या.

म्हणून तिने चोरून एक अर्ज केला होता. तीन तासांवरच्या शहरात औषधी वनस्पतींची मोठी बाग होती. तिथे रोपं ओळखून वाफ्यांवर पाट्या लावायला माणूस हवं होतं. त्या बुधवारी सकाळी ती चपला घालायला गेली तर चपलेखाली पाकीट. पोस्टमन दारात टाकून गेला असेल, असं समजून तिने ते कमरेला खोचलं आणि ओढ्यावर जाऊन पानं वेचता वेचता फोडलं. तिची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. येत असाल तर आज संध्याकाळपर्यंत फोन करून कळवा, असं खाली लिहिलेलं.

तिने पत्र तीनदा वाचलं. मग वेचायला लागली, आणि पुन्हा एकदा वाचलं. डोक्यात एकच घोळत होतं, आईंना सांगायचं कसं? आपण गेलो तर यांचं काय? नाही गेलो तर आपलं काय? हात मात्र आपोआप चालत होते. चिमट, हुंग, टाक. चिमट, हुंग, टाक.

टोपलं भरलं, सगळ्या जुड्यांच्या गाठी वर बांधून झाल्या, तेव्हा ऊन वर आलं होतं. टेकडीवरच्या हॉटेलचा आचारी स्वतः घराच्या दारात उभा होता, कारण दुपारी त्याच्याकडे साठ माणसं जेवायला होती. काकूंनी डोळे मिटून बारा जुड्यांचा वास घेतला. बाराही "चालेल". आचारी खूश होऊन टोपलं घेऊन गेला.

सून उरलेली पानं गोळा करायला बसली. त्यात एक रोप मुळासकट उपटून आलं होतं. तिने ते उचललं आणि तिचा हात थांबला. रानलसणाचं प्रत्येक पान मातीतून आपापल्या देठावर येतं. इथे एकाच देठाला दोन पानं होती, एकमेकींना बिलगलेली. तिने टोक चिमटून हुंगलं. लसणाचा वास आला. बरं वाटलं, पण जेमतेम श्वास सोडेपर्यंत. कारण तेवढ्यात तिने आपली बोटं पाहिली. आज सकाळपासून तिने एकदाही हात धुतले नव्हते.

ती मोरीत गेली. कुंडीतली मूठभर माती घेऊन हात घासले, धुतले, परत घासले. त्याच रोपाच्या दुसऱ्या पानाचं टोक चिमटलं. वास नाही. साध्या गवताला येतो तेवढासुद्धा नाही.

"आई, टोपलं परत आणायला हवं," ती बाहेर येऊन म्हणाली, आणि ते रोप पुढे धरलं.

काकूंनी देठ पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "हात धुतले नव्हतेस?"

"नाही."

काकूंनी ते रोप तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "जा, लगेच जा. पण गुपचूप आण. म्हणावं, कालची शिळी पानं चुकून गेली. नाकाचं काही बोलू नकोस."

टेकडीची चढण ती धावतच चढली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. लांब ओट्यावर अर्ध्या जुड्या सुटून चिरल्या गेल्या होत्या, आणि चिरलेला हिरवा ढीग मोठ्या पातेल्याशेजारी पडला होता. पातेल्यात पाणी उकळत होतं.

"दादा, ती पानं नका घालू. शिळी आहेत, चुकून आली."

आचाऱ्याने एक पान उचलून कटकन मोडलं. "हे शिळं? वहिनी, मी तीस वर्षं स्वयंपाक करतोय."

"मग माती... मातीत भरलेली आहेत."

"तीन पाण्यांतून काढलीत."

"तुम्हाला दुसरी देते, संध्याकाळपर्यंत."

"जेवण दुपारी आहे. संध्याकाळी काय त्यांना पानं दाखवून परत पाठवू?" तो सुरी घेऊन पुन्हा ढिगाकडे वळला.

"त्यात सवत गेली असेल," ती शेवटी म्हणाली.

सुरी थांबली. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईनेसुद्धा मागे वळून पाहिलं. पण मग आचारी हसला.

"काकूंनी माझ्यासमोर एकेक जुडी हुंगलीय. गेल्या वर्षी अख्खं टोपलं त्यांनी नुसत्या वासावर फेकून दिलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या नाकापुढे तुमच्या शंकेचं मी काय करू?"

ते टोपलं कुणी फेकायला लावलं होतं? त्यातल्या सगळ्या गाठी खाली कुणी बांधल्या होत्या? आता बोला. दोन वर्षं हिनेच खपून ज्या नाकाला देवपण आणलं, ते नाक आज हिलाच खोटं पाडत होतं. एका बाजूला साठ माणसं, दुसऱ्या बाजूला मनगट धरून घेतलेला शब्द. आणि आचाऱ्याने मूठभर चिरलेला पाला उचललासुद्धा.

तिने त्याचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात तिने आयुष्यात असा धरला नव्हता.

"त्यांना वास येत नाही. दोन वर्षं झाली. वास मी घेते आणि गाठीवरून त्यांना कळवते. आज माझी चूक झाली, मी हात धुतले नाहीत."

आचाऱ्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "वहिनी, घरातली भांडणं घरात ठेवा. म्हाताऱ्या बाईचं नाव असं खराब करू नये." त्याने भिंतीवरचा फोन उचलला. "थांबा, त्यांनाच विचारतो."

त्याने नंबर लावून स्पीकरची कळ दाबली, तसा पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू यायला लागला.

"काकू, तुमची सून इथे येऊन म्हणतेय की तुम्हाला दोन वर्षं वास येत नाही. हुंगायचं काम तीच करते म्हणे. काय खरं मानू मी?"

पाणी उकळल्याचा आवाज तेवढा येत होता. सून ओट्याची कड धरून उभी होती. आता नाही म्हणतील, तिला वाटलं. माझ्यावर उलटवतील, आणि मी काहीच करू शकणार नाही.

"तिला शंका आली ना?" काकू म्हणाल्या.

"हो, पण तुम्ही तर वास घेतला होतात."

"नव्हता घेतला. नुसतं नाक लावलं होतं. ती सांगतेय ते सगळं खरं आहे. टाकून दे."

आचाऱ्याने फोन हळूच जागेवर ठेवला. मग कुणाकडेही न बघता त्याने चिरलेला ढीग, उरलेल्या जुड्या, सगळं एका पोत्यात भरलं. ओटा धुवायला लावला, सुऱ्या उकळत्या पाण्यात टाकल्या. पुरण्याआधी न चिरलेल्या जुड्या सुनेने बाहेर पोत्यातून काढून त्यांचं एकेक पान तपासलं, दर दहा पानांनंतर हात धुऊन. सगळा रानलसूण निघाला. चिरलेल्यात सवत होती की नव्हती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. कदाचित तिने एका बाईचं चाळीस वर्षांचं नाव जुडीत न गेलेल्या एका पानासाठी मातीत घातलं होतं. खड्डा करून पोतं पुरताना तिला रडू आलं, आणि रडत रडत तिला रागही आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं.

ती घरी आली तेव्हा काकू खुर्चीत नव्हत्या. खाली चटईवर बसून, दोन्ही हातांना फडकी गुंडाळून, खाजरीची पानं निवडत होत्या. खाजरी म्हणजे ज्याला हात लागला की आग आग होते तो पाला. उकळला की गुणाचा.

"सवत सापडली?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण अर्धी चिरून झाली होती."

"टाकली ना?"

"टाकली."

"मग झालं." काकूंनी एक पान बाजूला केलं. "यापुढे मी हेच वेचणार. याला नाक लागत नाही, हात भाजला की ओळख पटते. तू फोन केलास का?"

"कुणाला?"

"बागेत. आज संध्याकाळपर्यंत करायचाय ना?"

सुनेचा हात कमरेला खोचलेल्या पाकिटाकडे गेला.

"पाकीट काल पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. वर बागेचा शिक्का होता, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत फोन करा असंही वरच लिहिलेलं, फोडून बघायची गरज नव्हती. रात्रभर उशीखाली ठेवलं, सकाळी तुझ्या चपलेखाली सरकवलं. म्हटलं, येऊन विचारेल, जाऊ का म्हणून. तू विचारलं नाहीस, आणि मीही आपणहून जा म्हणाले नाही. म्हणणारही नव्हते. खरं सांगते, फाडून टाकायचंसुद्धा मनात आलं होतं."

दोन वर्षं तिला वाटत होतं की आपणच तेवढ्या अडकलोय. ही बाई रोज चारचौघांत डोळे मिटून, कसलाच वास येत नसलेल्या हवेत श्वास घ्यायची, आणि सुनेची गाठ चुकली तर काय होईल या धाकात दिवस काढायची, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तिने आत जाऊन फोन केला. सोमवारी येते म्हणाली. बाहेर आली तेव्हा काकूंनी खाजरी बाजूला सारली होती आणि मघाशी उरलेल्यातलं रानलसणाचं एक पान हातात घेतलं होतं. आपल्या एकट्या देठावरचं, खात्रीचं. त्यांनी टोक चिमटलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. या वेळी बघायला कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

"कसा असतो गं हा वास?" त्या म्हणाल्या. "मला आता आठवतही नाही. तू दोन वर्षं घेतलास, पण मला कधी सांगितला नाहीस."

सून त्यांच्यासमोर चटईवर बसली. तिने पान हातात घेतलं, आणि मग ते खाली ठेवून आधी हात धुवायला गेली.