दाराखालची पट्टी

मी स्वयंपाकघराच्या भिंतीतला पंखा बोलतोय. वारा घालणारा नव्हे, धूर बाहेर फेकणारा. लोक डाळीची तारीफ करतात, करणारीच्या हाताची करतात. माझी कुणी करत नाही. करावी असं मी म्हणतही नाही.

कारखान्यात मला तीन पाती मिळाली आणि एक काम. एका शिंप्याने मला घरी नेलं. पुढच्या खोलीत त्याचं मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. त्याची बायको नेपाळची. मला आणलं ते तिच्या फोडणीसाठी.

ती फोडणी साधी नव्हे. मोहरीचं तेल धुरावर येईपर्यंत तापवायचं, त्यात मेथीचे दाणे काळे करायचे. डाळीला जिंबू, म्हणजे डोंगरातली वाळवलेली पात. तुपात पडली की लसणालाही मागे सारते. ज्याचं कामच वासाशी, त्याने नाक मुरडू नये. मी मुरडलं नाही. पण मला सुरू करायचे ते धूर घरभर झाल्यावर.

मुरडलं ते वकीलबाईंनी. नवा काळा कोट त्यांनी परत आणून टेबलावर ठेवला.

"मास्तर, शिलाई उत्तम आहे. पण कोर्टात शेजारचा विचारत होता, आज डाळ का म्हणून."

शिंप्याने कोट बाजूला ठेवला. बायकोला न विचारता मशीनवर बसला, चिंध्या भरून जाड पट्टी शिवली आणि दाराखाली ठोकली. मग दाराच्या बाजूंना. मोरीजवळच्या खिडकीलाही. टाका एकसारखा, मुंगी शिरणार नाही असं काम.

"आता वास जाईल कुठे?" तो म्हणाला.

कुठेच जाणार नव्हता. तीच तर अडचण. मी बाहेर फेकायचं, तर आत हवा यायला नको? सगळं बंद करून मला फिरवणं म्हणजे नाकतोंड दाबून श्वास घे म्हणणं. मी नुसता घरघरत राहिलो. वास आत साचायचा. ती ताट घेऊन दार उघडायची, तेव्हा तिच्याआधी पुढच्या खोलीत जाऊन कोटांवर बसायचा.

आणखी एक कोट परत आला. मग तिने फोडणीच बंद केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिंबूचा डबा वरच्या फळीवर गेला. उकडलेली डाळ, हळद, मीठ. दोघं तेवढंच जेवायची.

"बरी झालीय," तो एकदा म्हणाला.

"काय बरं आहे त्यात?"

त्याने वरून मीठ घेतलं.

मग तिची आई यायची ठरली. इतक्या लांबून येणाऱ्या आईला हे वाढायचं? तिने डबा खाली काढला आणि आधी हात बसतोय का बघायला फोडणी करायला घेतली. तेल तापलं, मेथी करपली, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. तिने खिडकीची पट्टी ओरबाडून काढली आणि खिडकी उघडली. माझ्या पात्यांत जीव आला. धूर वळला आणि तिच्या डोक्यावरून सरळ माझ्याकडे आला.

तिने खिडकी लावली. धूर थबकला. उघडली. निघाला.

"अहो, इकडे या. कात्री घेऊन या."

तो आला. तिने दाखवलं.

"दाराखालची उसवा. तुमच्या खोलीतली हवा इकडे आली, तर इकडचा वास तिकडे कशाला जाईल?"

"टाका पक्का आहे."

"म्हणून तर कात्री म्हटलं."

शिंप्याला दुसऱ्याचं उसवायला काही वाटत नाही. स्वतःचं उसवताना तो बराच वेळ खाली बसून होता. मग त्याने दाराच्या फटीत एक दोरा बांधला. दोरा स्वयंपाकघराकडे झुकला. त्याने मान हलवली.

आई आली त्या दिवशी वकीलबाईही कोट न्यायला आल्या. आत मी आधीपासूनच फिरत होतो, तुपात जिंबू पडलेला. बायको झारा हातात धरून दारामागे उभी. बाईंनी कोट नाकाला लावला, अस्तर उलटून पुन्हा लावला.

"याला नाही," त्या म्हणाल्या. "पण मास्तर, गल्लीत झकास वास सुटलाय. कुणाकडे आहे?"

"आमच्याकडेच," शिंपी म्हणाला. "सासूबाई आल्यात."

आता माझा आवाज फाटलाय. पात्यांवर तेलाची पुटं आहेत. मागणं फार नाही. तेल तापायच्या आधी मला सुरू करा, कढई उतरली की लगेच बंद करू नका, अधूनमधून पुसा. आणि मला काढायची वेळ आली, तर खुशाल काढा. भिंतीतलं भोक मात्र बुजवू नका.

दारातला तो दोरा अजून तिथेच आहे. मी फिरलो की माझ्याकडे वाकतो. या घरात मला मान देणारा तो एकटाच. तेवढं पुरे.