एकसष्ट नंबरचं कार्ड

कुणाचा ऊस कधी तोडायचा हे आमच्या साखर कारखान्यात १९७७ साली पुण्याचं यंत्र ठरवायचं. भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी एसटीनं पुण्याला जायची आणि तोडीची यादी छापून यायची. एका कार्डावर यंत्राला एक हुकूम. अशी चारशे बारा कार्डं आमच्या कारखान्यातल्या आकारामनं तीन हंगामांत केली होती; पलटणीत असताना तो हे शिकला होता. कुणी अडचण घेऊन आला की तो एक कार्ड वाढवायचा, पण कारण कुठं लिहून ठेवायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "डोक्यात हाय की!" ते डोकं मे महिन्यात निवृत्त होऊन त्याच्याबरोबर वडूजला गेलं.

त्याच्या जागी चेअरमनसाहेबांचे भाचे राजाराम आले. ताजे इंजिनिअर. आठ दिवस पेटी उपसून त्यांनी नाक मुरडलं.

"काय हे ठिगळांचं गाठोडं! एकसष्ट नंबरच्या गटातला ऊस पहिल्याच आठवड्यात का? लागण तर उशिराची आहे. हे दुरुस्त करण्यापेक्षा नव्यानं लिहिलेलं बरं."

मी शेती खात्यातला कारकून. भीत भीत म्हटलं, "आकारामला एक पत्र टाकू का?"

"अडाणी कारभार विचारून सुधारत नसतो."

मी मान डोलावली. जुनी पेटी गोदामात मीच नेऊन टाकली, हेही सांगतो.

नवी कार्डं फक्त नव्वद. लागणीच्या तारखेप्रमाणं पाळी, बाकी काही नाही. चेअरमनसाहेबांनी भाच्याला शाल-श्रीफळ दिलं. मग पहिली यादी आली आणि चेअरमनसाहेबांचाच ऊस फेब्रुवारीत गेलेला निघाला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक्क्याण्णवावं कार्ड तयार झालं. त्यामागोमाग संचालकांच्या उसासाठीची कार्डं लागली.

तिसऱ्या दिवशी तानुबाई आली. गट एकसष्ट तिचाच. दोन एकर ऊस, नवरा वारलेला, आणि रानाला वाट नाही. तिची बैलगाडी शेजारच्या हिंदुरावच्या रानातून जायची, तेही तो गहू पेरेपर्यंतच.

"आवं सायेब, ह्या आठवड्यात तोड द्या. गहू पेरला की वाट बंद हुतीया. आकाराम दरसाली द्यायचा."

"मावशी, नव्या पद्धतीत अपवाद नाही," एकशे चौथं कार्ड हातात धरून राजाराम म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी फाइलीत तोंड खुपसलं.

हिंदुरावनं गहू पेरला. तानुबाईची पाळी अगदी यादीप्रमाणं जानेवारीत आली आणि तोडीची टोळी बांधावरूनच परत फिरली. गहू निघेपर्यंत मार्च संपत आला. तोवर उसाला तुरा येऊन तो आतून पोकळ पडलेला. निम्मंही वजन भरलं नाही.

हंगाम संपला तेव्हा राजारामांची नवी कार्डं मोजली. चारशे नऊ! मला हसू यायला हवं होतं, पण लाजच वाटली. गोदामात जाऊन एकसष्टचं जुनं कार्ड शोधलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी तसंच एक पाडून पेटीत घातलं.

पुढच्या हंगामात, पहिल्या आठवड्यात तानुबाईचं नाव झकास छापून आलं. तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, म्हणजे खोडवा, तिनं ठेवलाच असेल असं धरून नोंद मागच्या वहीवरूनच ओढलेली होती. तोडीची चिठ्ठी घेऊन टोळीबरोबर मी स्वतः गेलो. बघतो तर रानात शाळू, गुडघ्याला आलेला. उसाचं एक खोडसुद्धा तिनं ठेवलं नव्हतं.

तानुबाईनं चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली.

"आलं व्हय नाव यादीत? बरं झालं," ती म्हणाली. "लांबनं आलायसा, भाकरी खाऊन जावा."