चार ते साडेचार

फोन कानाला लावून सुलेखा यादीवरून बोट खाली सरकवत होती, ते मध्येच थबकलं. साडेतीन ते चार, इंद्रजीत, बजाजनगर. त्याखाली चार ते साडेचार, आणि त्यापुढची नावाची जागा कोरी. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर घराला अर्धा तास, म्हणजे चोवीस घरं हवीत. कागदावर नावं तेवीसच होती.

“बाई, माझी वेळ संपत आली,” इंद्रजीत पलीकडून म्हणाला. “पुढचा फोन कुणाला लावू?”

तुम्ही ठेवा, मी बघते, असं पुटपुटून तिनं फोन बंद केला. कंपनीतली पाळी संपवून तो माणूस घरी आला होता आणि न जेवता प्रार्थनेला बसला होता. ज्या पोरीसाठी बसला, तिच्या आईला चोवीसपर्यंत मोजता आलं नव्हतं. आणि ही आई कोण, तर छावणीतल्या शाळेत तीस वर्षं पाढे घोकून घेणारी बाई!

पण त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर असतं तरच नवल. श्रेया आखातातल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथं तीन दिवसांपासून क्षेपणास्त्रं पडत होती, विमानं बंद होती आणि परवा दुपारपासून श्रेयाचा फोन लागत नव्हता. बातम्या लावल्या तर ऐकवत नसत, बंद केल्या तर राहवत नसे. म्हणून चर्चच्या मंडळीनं प्रार्थनेची साखळी धरली होती. एका घराची वेळ संपली की त्यानं पुढच्या घरी फोन करून ‘घ्या, आता तुमच्याकडं’ म्हणायचं आणि पुढच्यानं लगेच गुडघे टेकायचे. मध्ये एका मिनिटाचीही फट पडू द्यायची नाही, हा नियम. पहाटे उठून ऐंशी वर्षांच्या द्वारकाबाईंनी सुरुवात केली होती आणि तेव्हापासून साखळी कुठंही तुटली नव्हती.

कुणावरही संकट आलं की यादी करायची सुलेखानंच, हे आता ठरूनच गेलं होतं. स्वतःचं नाव मात्र ती घालत नसे. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, तसं काही असेल, असं लोकांना वाटायचं. खरी गोष्ट वेगळी होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिच्या नवऱ्यासाठी, राजकुमारसाठी, अशीच साखळी तीन दिवस चालली होती. एकही फोन उशिरा गेला नाही. तरी राजकुमार गेला. तेव्हापासून सुलेखाचा देवाशी अबोला होता. ती चर्चला जायची, गाणी म्हणायची, पण एकटी गुडघ्यावर बसली की ओठ शिवल्यासारखे व्हायचे. अबोला धरलेल्या माणसाला निरोप दुसऱ्याकरवी धाडावा, तसे ती तेवीस घरांकरवी निरोप धाडत होती.

आता चारला दोन मिनिटं उरली होती. हाताशी माणूस नव्हतं, म्हणजे ही वेळ तिनंच घ्यायला हवी होती. ती खुर्चीतून उठली, खाली बसली, परत उठली.

शेजारच्या मालनबाई समोरच चहा घेत होत्या. तीन दिवस त्या असंच येऊन बसत, फारसं न बोलता. त्यांचं घर बौद्ध, त्यात मालनबाई देवाबद्दल स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि काय झालं ते विचारलं. सुलेखानं कागद पुढं केला.

“त्यात काय एवढं. मी बसते,” मालनबाई म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही?”

“आमच्यात कुणाकडं मागत नाय. पण डोळे मिटून पोरीचं भलं चिंतता येतं, त्याला देव लागत नाय. तुझ्या यादीत चालंल का तेवढं बघ.”

सुलेखानं एकदा घड्याळाकडं पाहिलं आणि कोऱ्या जागेत मालनबाईंचं नाव लिहिलं. म्हातारी पदर सावरत आपल्या घरी गेली. बरोबर चार वाजले होते.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

“मम्मी, मी बोलतेय.”

श्रेया भराभर बोलत राहिली. ती ठणठणीत होती. दवाखान्यातल्या लोकांना दुसऱ्या शहरात हलवलं होतं, गडबडीत तिचा फोन मागंच राहिला आणि आत्ता कुठं कुणाचा तरी मिळाला. तिथून विमानं पुन्हा सुरू होत होती आणि उद्याच्या विमानात तिला जागाही मिळाली होती. सुलेखा हसत होती, रडत होती, गॅसवरचा चहा उतू जात होता आणि तो बंद करायचं तिला सुचत नव्हतं. इतका आनंद अंगात मावेना म्हणून ती फोन घेऊन खोलीभर फिरत होती. मग श्रेयाचा आवाज खाली आला. तिच्या खोलीत राहणारी लिसी, केरळची, हलवाहलवीच्या दिवशी दुसऱ्या इमारतीत ड्युटीवर होती. तिचा अजून पत्ता नव्हता.

“मम्मी, तुम्ही साखळी धरली असणारच. थांबवू नका. लिसीसाठी चालू ठेवा.”

फोन संपला तशी सुलेखा गॅस बंद करून एकाच पायात चप्पल घालून शेजारी धावली. मालनबाई बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर डोळे मिटून बसल्या होत्या.

“मावशी, फोन आला! पोरगी सुखरूप हाय. उद्या निघतीय.”

मालनबाईंचे डोळे उघडले आणि लगेच भरून आले. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पदरानं डोळे टिपत त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

“लई चांगलं झालं. पण अजून दहा मिनिटं हायत. कबूल केलं तेवढं बसणार मी.”

मग सुलेखानं लिसीचं सांगितलं. तिच्या आईचं काय होत असेल, हेही सांगायला गेली आणि तिथंच अडली, कारण ते काय होतं हे तिला तीन दिवसांपासून नीट ठाऊक होतं.

“मग तिच्यासाठी बसते,” मालनबाई म्हणाल्या. “तू काय दारात उभी? ये की.”

सुलेखा आत आली. हातातला फोन तिनं फरशीवर ठेवला आणि मालनबाईंच्या शेजारी गुडघे टेकले. थोडा वेळ नेहमीसारखंच झालं, ओठ हलेनात. मग लिसी हे नाव तोंडातून निघालं. त्यापाठोपाठ ‘बापा’ निघालं आणि मग तिला थांबताच येईना. परक्या पोरीपासून सुरू झालेलं बोलणं हळूहळू श्रेयावर गेलं, तिथून राजकुमारवर. त्यात आभार होते, तक्रार होती, मध्येच चांगलंच खडसावणंही होतं.

साडेचार वाजून गेले. फरशीवरचा फोन थरथरला. यादीतल्या पुढच्या घराची, पिशोरच्या सांडूची वेळ होती आणि निरोप आला नाही म्हणून तो कासावीस झाला होता. मालनबाईंनी फोन हळूच उचलला, दाराबाहेर जाऊन कानाला लावला. साखळी तुटली का, असं तो विचारत होता.

“तुटली नाय, बाबा,” आतल्या आवाजाकडं कान देत मालनबाई म्हणाल्या. “जरा थांब. बाई अजून बोलत्यात.”