खिडकीच्या कडा

तळहातावर जुन्या रंगाचा पापुद्रा, नखाएवढा. रंगारी मागची भिंत खरवडत होता आणि असले तुकडे दारापर्यंत उडत होते. तिने हा एक उचलून कडेने पाहिला – पांढऱ्यावर पांढरा, त्याखालीही पांढराच... लग्न होऊन आली तेव्हापासूनचे सगळे थर. दर वेळी शेड कार्ड घरात यायचं, ती पानं उलटत बसायची आणि नवरा वर न बघताच म्हणायचा, "पांढरा. यात विचारायचं काय?" खरंच, मी तरी कधी काय विचारलं...

नवरा आता आतल्या खोलीत अंथरुणाला खिळला होता. अर्धांगाच्या झटक्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. कान मात्र तिखट. सकाळी खरखर ऐकून त्याने डावा हात भिंतीकडे केला, भुवया उंचावल्या. ती पटकन बोलून गेली, "पांढराच देतेय हो. दुसरा कुठला देणार?"

दुकानात तिने विटकरी सांगितला होता. सांगताना मनात आलंच होतं – त्याला बाहेरची भिंत दिसणार कुठे... आणि तिथेच, काउंटरपाशी, चोरी पकडली गेल्यासारखे कान तापले होते.

सकाळच्या त्या उत्तरापासून तिचा पाय घरात ठरेना. भाजी चिरायला घेतली, अर्धी टाकून बाहेर आली. बाहेर आली, तर आत त्याने हाक मारली असं वाटलं – हाक कसली, ती तर आता येणारच नव्हती. पुढच्या भिंतीचं आदल्या दिवशीच शेवाळ धुऊन, भेगा बुजवून, प्रायमर लावून झालं होतं. ऊन सरकल्यावर रंगाऱ्याने डबा उघडला. पहिला पट्टा कार्डावरच्यापेक्षा कितीतरी भडक दिसला, सोललेल्या गुडघ्यासारखा. दुसरा हात बसल्याशिवाय खरा रंग कळायचा नाही, असं रंगारी म्हणाला.

परांची सरकत नवऱ्याच्या खिडकीशी आली.

"ताई, खिडकीच्या कडांना हाच मारू, की पांढरा ठेवू?"

कडा... अंथरुणावरून तेवढ्याच दिसायच्या. गजांपलीकडे त्याचे डोळे तिच्यावर होते. पांढरा म्हटलं की संपलं – कोण सांगायला जाणार होतं त्याला? तो पांढऱ्या घरात पडून राहिला असता, ती विटकरी घरात वावरली असती, जन्मभर... ते इतकं सोपं आहे, याचीच तिला धडकी भरली.

"हाच मारा," ती म्हणाली. आत ऐकू जाईल, एवढ्या आवाजात.

मग ती आत जाऊन त्याच्या उशाशी बसली. ब्रश कडेवरून खाली उतरला. त्याने तो रंग बराच वेळ पाहिला, मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं. राग होता? की नुसतं नवल... तिला ओळखता येईना. सबबी एकामागून एक जिभेवर येत होत्या, विरत होत्या. आणि तरी, का कोण जाणे, तिथून उठावंसं तिला वाटत नव्हतं.