हेल्मेटातले मोदक

सिद्धार्थच्या सिनेमाचा ट्रेलर आला आणि झाशीतल्या मराठी मंडळाच्या भावना तिसऱ्या दिवशी दुखावल्या. पहिले दोन दिवस सगळ्यांनी तो हसत हसत एकमेकांना पाठवण्यात घालवले होते.

ट्रेलरमध्ये गणपतीचा महाप्रसाद होता. माणशी दोनच मोदक, असं वाढणारी बाई बजावते. पंगत उठल्यावर एक पोक्त गृहस्थ लाल हेल्मेटात रुमाल अंथरतात, त्यात मोदक भरतात आणि हेल्मेट हँडलला अडकवून स्कूटर काढतात. चौकात हवालदार अडवतो. “अंकलजी, हेल्मेट लटकाने के लिए नहीं होता। पहनिए।” गृहस्थ इकडेतिकडे बघतात आणि हेल्मेट घालतात. तुपाची धार कानामागून सदऱ्यात उतरते, तिथं ट्रेलर संपतो.

मंडळाचे अध्यक्ष बापूराव यांनी ग्रुपवर लिहिलं की ही प्रसादाची विटंबना आहे आणि झाशीतल्या समस्त मराठी समाजाचा अपमान आहे. पोस्टी टाकायचं काम कश्मिराकडे होतं. तिनं त्याला बहिष्काराचा हॅशटॅग लावला. कानपूरच्या एका यूट्यूबवाल्यानं तो उचलला. त्यानं जन्मात मोदक खाल्ला नसावा, कारण तो सारखा लड्डू म्हणत होता. पण ओरडला जोरात. आठवडा संपायच्या आत सिद्धार्थला देशभरातून माफी मागायला सांगितलं जात होतं.

सिद्धार्थची आई रजनी सीपरी बाजारात राहायची. मुलाला शिव्या पडणं तिला नवीन नव्हतं. त्याच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी एका गावात त्याचा पुतळा जाळला होता. तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, “आई, पुतळ्याला मिशा नव्हत्या. कोणीही असेल तो.” त्यामुळे कानपूरकडे तिनं लक्ष दिलं नाही. तिचा जीव टांगणीला लागला तो बापूरावांच्या पुढच्या ओळीनं. सिद्धार्थचा ठरलेला सत्कार रद्द करावा आणि गणपतीतली पाचव्या दिवसाची आरती दुसऱ्या घराला द्यावी, असा त्यांचा प्रस्ताव होता.

सत्काराचं तिला काही नव्हतं. पाचव्या दिवसाची आरती मात्र त्यांच्या घराची होती. इतकी वर्षं ती तिच्या नवऱ्यानं, सुभाषचंद्रांनी केली. गेल्या हिवाळ्यात ते गेले. यंदा पहिल्यांदाच ताम्हन सिद्धार्थच्या हातात यायचं होतं, आणि त्यासाठी तो मुंबईहून निघणार होता.

रविवारी सकाळी दतिया गेटजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये बैठक भरली. चहा झाला, मग बापूराव उठले.

“सिनेमाला आमचा विरोध नाही,” ते म्हणाले, “पण समाजाच्या भावना दुखावल्यात.”

“मग अक्षता घ्या हातात,” रजनी म्हणाली.

मंडळाची ही जुनी रीत. दतिया गेटची जुनी घरं सांगतात की त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेत होते तेव्हापासूनची. ज्याचं कोणाविरुद्ध गाऱ्हाणं असेल त्यानं मुठीत अक्षता घेऊन हॉलमधल्या गणपतीसमोर उभं राहायचं, आपलं स्वतःचं काय दुखलं ते सांगायचं आणि मग त्या देवापुढे ठेवायच्या. दुसऱ्याच्या वतीनं गाऱ्हाणं चालत नाही. रीत कोणी मोडली नव्हती; आताशा सगळं फोनवरच होत असल्यामुळे ती नुसती मागे पडली होती.

“वहिनी, गाऱ्हाणं समाजाचं आहे.”

“अक्षता समाजाच्या मुठीत कशा देऊ? तुम्हालाच धराव्या लागतील.”

बापूरावांच्या पत्नी इंदिराबाईंनी अक्षतांचं तबक पुढे केलं. “घ्या की. घरी तर भिंती हलत होत्या.”

बापूरावांनी अक्षता घेतल्या, मूर्तीसमोर गेले, घसा खाकरला. पुढचं वाक्य मात्र येईना.

“काय दुखलं?” रजनीनं विचारलं.

“असा मोदक पळवणारा माणूस आपल्या मंडळात नाही.”

“नाही ना? मग लागलं कोणाला?”

“काकू, ये तो आपने फँसा दिया,” कश्मिरा म्हणाली.

“मग तू घे अक्षता. हॅशटॅग तुझा होता.”

“मेरा क्या? मला तर नारळच नाही आवडत. सब लोग लिख रहे थे, तो मैंने भी लिख दिया।”

मागच्या रांगेतून मार्तंड उठला. तो सरकारी कारखान्यात इंजिनीअर, मूळचा अकोल्याचा. इथं येऊन बारा वर्षं झाली तरी जुनी घरं त्याला नवीनच समजत.

“मी बोलू का? तो माणूस मी आहे.”

सगळे वळून बघू लागले.

“लाल हेल्मेट माझं आहे. कारखान्याच्या गेटवर अख्खी शिफ्ट ओळखते.”

“म्हणजे तुमचं गाऱ्हाणं आहे?” बापूरावांचा चेहरा उजळला. “या, या. अक्षता घ्या.”

“गाऱ्हाणं कसलं? बरं वाटलं मला. बारा वर्षांत मंडळाच्या नाटकात साधं शिपायाचं काम दिलं नाहीत. शेवटी सिनेमातच घेतलं कोणीतरी.”

लोक हसले. हसू ओसरलं तरी बापूराव अक्षता धरून तसेच उभे होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती.

“तुम्ही कसे असाल?” ते शेवटी म्हणाले. “तुमची मोटरसायकल. सिनेमात स्कूटर आहे. अख्ख्या मंडळात स्कूटर एकाकडेच आहे.”

आपण काय बोललो ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“चालणंही यांचंच आहे,” इंदिराबाई म्हणाल्या. “मी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हटलं, कशाला बोला.”

“उरलेले मोदक होते ते,” बापूराव म्हणाले.

“उरलेलेच असतात,” मार्तंड म्हणाला. “पण हेल्मेट माझं.”

“हेल्मेटाचं काय घेऊन बसलात, माणूस बघा ना.”

“रुमाल कोणी बघितला का?” बायकांच्या रांगेतून कमळाबाई मध्येच म्हणाल्या. “चौकड्यांचा. तसा रुमाल आमच्याकडेच आहे.”

त्यानंतर बैठक बैठक राहिली नाही. ज्यानं त्यानं फोन काढला आणि ट्रेलर थांबवून थांबवून बघायला सुरुवात केली. बापूराव मार्तंडला पंगतीपासून स्कूटरपर्यंतचं चालून दाखवत होते. अक्षता घामानं त्यांच्या तळव्याला चिकटल्या होत्या. शेवटी एकमतानं ठरलं की सिद्धार्थला बोलवायचंच, आरती त्यानंच करायची, आणि त्यानंतर तो माणूस कोण ते सगळ्यांसमोर सांगायचं. कश्मिरानं जुनी पोस्ट काढली आणि नवी टाकली, “हेल्मेटवाला कौन?” कानपूरवाला तेवढा दुखावलेला राहिला.

रजनी तिथून रिक्षानं लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या देवळात गेली. महालक्ष्मीचं दर्शन घेतलं आणि पायरीवर बसून मुलाला फोन लावला.

“आरती तूच करायचीस,” ती म्हणाली. “आणि तो माणूस कोण ते सांगायचंय. बापूराव की मार्तंड?”

“दोघंही नाहीत.”

“मग?”

“राहू दे ना, आई.”

“अरे, सांग. मी काही कोणाच्या घरी जाऊन बोलणार नाही.”

“तू.”

रजनीनं शेजारच्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मी कधी हेल्मेटात मोदक नेले?”

“हेल्मेट नव्हतं, तुझी निळी पिशवी होती. बाबा स्कूटर चालवायचे, मी मध्ये बसायचो आणि पिशवी माझ्या मांडीवर. तूप माझ्या चड्डीवर उतरायचं. बाईचा पुरुष केला, म्हटलं तू ओळखणार नाहीस.”

“उरलेले असायचे ते.”

“हो, आई.”

“आणि खायचं कोण? तूच ना?”

“मीच.”

रजनीनं पदर सावरला. समोर पाण्यावर ऊन चमकत होतं.

“सिद्धू, सिनेमातलं ते मोदकांचं एवढं लांबवायलाच हवं का? काढून टाक असं नाही म्हणत मी. जरा आटोपतं घे.”

“आई, तूसुद्धा?”

“मी आपलं सुचवलं.” ती उठली, साडी झटकली. “बरं, आरतीला वेळेवर ये. आणि विचारतील तेव्हा बापूरावांचं नाव सांग. त्यांना फार हवंय.”

“आणि मार्तंडकाका?”

“त्यांना पुढच्या सिनेमात घे. शिपायाचं काम दे, चांगलं मोठं.”