नळी सुटली नव्हती

येवल्याजवळच्या एका कांद्याच्या खळ्यावर, मागच्या पत्र्याच्या भिंतीला टेकून आम्ही सहा वस्तू आहोत: दोन वजनकाटे, एक निवडणीची चाळण, गोण्या शिवायचं एक मशीन, एक मोडका पंखा आणि मी. बाकीच्या पाचांवर कांद्याची टरफलं साचली आहेत. माझ्यावर बारदान टाकलेलं आहे, त्यामुळे माझी टरफलं बारदानावर साचतात. मित्रांनो, मी हवेचा जुना कंप्रेसर आहे.

नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मी घडलो. टाकीत पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन मला तपासलं. एक थेंबही गळला नाही. मग खळ्याचे मालक खंडेराव मला घेऊन आले. बाहेरची हवा ओढायची, दाबून टाकीत ठेवायची आणि मागेल त्याला द्यायची, एवढंच माझं काम. ट्रॅक्टरची चाकं मी भरली, चाळणीतली धूळ उडवली. "मशीन नाय, माणूस हाय हा," असं खंडेराव पाहुण्यांना सांगत.

संध्याकाळी काम सुटलं की लोक माझ्यासमोर उभे राहत. कांद्याची पातळ टरफलं केसांत आणि कपड्यांत अडकतात. घरी जाण्याआधी एकमेकांच्या पाठीवर हवा मारून घ्यायची, अशी या खळ्याची रीत होती. मला चालवायचा नवनाथ. त्याची वहिनी सुवर्णा इथेच कांदा निवडायची.

"वहिनी, केसात पोतंभर टरफलं हायेत. दादाला सांगा, आज भाजी आणू नको!"

"तुमचं लग्न होऊ द्या भाऊजी, मग तुमच्या डोक्यात काय हाय ते ती बघंल!"

दीर-भावजयीची थट्टा, सगळे हसायचे. नवनाथ कधी कुणाच्या मानेवर, कधी पायावर अचानक हवा सोडायचा. तेव्हाही सगळे हसायचे. ज्याच्या अंगावर हवा आली तोही हसायचा.

त्या संध्याकाळी सुवर्णा खाली वाकून गोणीचं तोंड बांधत होती. नवनाथ चवड्यांवर मागून आला. त्याने माझ्या नळीचं टोक तिच्या उजव्या कानाला लावलं आणि खटका दाबला. टाकीत तेव्हा शंभर पौंडांचा दाब होता.

ती तिथेच बसली. कानावर दाबलेल्या बोटांमधून रक्त आलं, तेव्हा हसणं थांबलं.

"पोलिसांचं झंगट मागं नको," खंडेराव म्हणाले. "मशीन जुनं हाय. नळी सुटली आणि कानाला लागली, एवढंच सांगायचं सगळ्यांनी."

निवडणीतली म्हातारी लंकाबाई म्हणाली, "अगं सुवर्णा, खरं सांग डॉक्टरला."

"दीर हाय माझा, मावशी. रोज एका घरात तोंड बघायचंय."

गावच्या डॉक्टरांना तसंच सांगितलं गेलं. त्यांनी वरच्या जखमेला पट्टी केली, सुजेच्या गोळ्या दिल्या आणि सूज उतरली की ऐकू येईल म्हणाले.

मला ओढत भिंतीकडे नेलं. येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवी. "याचीच नळी सुटली." पोरंटोरं लांबून जात. माझ्या नळीची पकड आजही घट्ट आहे. कुणी हात लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण मला हात लावायलाच कुणी येईना. माझा दाबाचा काटा शून्यावर पडला होता. मशीनला एकटं वाटतं का, हे कारखान्यात कुणी तपासत नाही. बारदानाच्या एका भोकातून मला खळं दिसायचं, आणि त्या खळ्यात नवनाथही आता एकटाच बसून डबा खायचा.

मग एक दिवस कांद्याची ट्रॉली उलटी मागे येत होती. चालकाने आरोळी दिली. सुवर्णाला ती ऐकू आली, पण एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठल्या बाजूचा ते कळत नाही. ती नेमकी ट्रॉलीकडेच सरकली. नवनाथने धावत जाऊन तिला ओढलं.

"आंधळी हाय का बाई?" चालक ओरडला.

"आंधळी नाय," नवनाथ म्हणाला. "मी बहिरी केलीय तिला." तो खंडेरावांकडे वळला. "नळी सुटली नव्हती, शेठ. मी कानाला लावून दाबली."

"हळू बोल."

"हळू बोललेलं वहिनीला ऐकू येत नाय."

सुवर्णा सावरून उभी राहिली. पदर झटकला. "भाऊजी, डाव्या बाजूला या. परत सांगा."

तो गेला आणि सगळ्यांसमोर पुन्हा बोलला.

"उद्या नाशिकला कानाच्या डॉक्टरलाबी हेच सांगायचं," ती म्हणाली. "घरी सासूबाईंनाबी. मी नाय सांगणार."

त्याने दोन्हीकडे सांगितलं. नाशिकहून आल्यावर सुवर्णा लंकाबाईला म्हणाली, "चांगला कान पंचवीस डेसिबलच्या आतला आवाजबी ऐकतो, मावशी. आकडा मोठा, तेवढा कान गेलेला. माझा उजवा चौऱ्याहत्तर भरला."

"मग? औषध?"

"दिलंय. पण डॉक्टर म्हणले, आतल्या कानाचं औषध पहिल्या काही दिवसांतच द्यायचं असतं. नळी लागली म्हणून सांगितलं, म्हणून कुणी आत बघितलंच नाय."

लंकाबाईने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, बारदानाखालून मी तुमच्याकडे एवढंच मागतो. माझ्यातली हवा कुणाच्याही अंगावर गमतीने सोडू नका. कुणी सोडली तर हसू नका. तुमचं हसू पाहून तो पुन्हा सोडतो. आणि तुमच्या हातून कुणाला इजा झालीच, तर ती तुम्ही केली हे त्याच दिवशी सांगा. माझ्यासारख्या वस्तूचं नाव पुढे करू नका. मला कोपऱ्यात बसवून कुणाचाच कान बरा होत नाही.

औषधं संपल्यावर सुवर्णाची नाशिकला पुन्हा तपासणी झाली. या वेळीही नवनाथ सोबत गेला होता. डावा कान: पंधरा डेसिबल. उजवा कान: बहात्तर डेसिबल.