माझ्या पाठीवरचे झेंडे

मी एक जुने काशाचे नाणे आहे. जुने म्हणजे सतराशे वर्षांचे, आणि आकाराने अंगठ्याच्या नखाएवढे. मित्रांनो, रोमच्या बादशहाच्या टांकसाळीत घणाचा घाव बसला आणि मी जन्मले. तोंडावर बादशहा उमटला, पाठीवर दोन शिपाई. पुढे किती हात, किती जहाजे, किती वर्षे मातीत, ते आठवून आता मीच थकले आहे.

इंदूरला कृष्णपुऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडे पितळी कड्यांच्या ढिगात मी पडले होते. रघुवीरकाकांनी मला उचलले. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बरोबर त्यांचे मित्र वासुदेव होते. मला तळहातावर घेऊन दोघे तिथेच भांडायला लागले.

भांडण माझ्या वयाचे होते. शिपायांच्या मध्ये दोन झेंडे असले तर नाणे आधीच्या वर्षांतले, एकच असला तर नंतरचे. आणि माती बसली होती नेमकी तिथेच!

"दोनच निघतील, बघ," काका म्हणाले.

"अरे भिया, एकच आहे! हरलास तर पोहे-जलेबी तुझ्याकडून," वासुदेव म्हणाले.

पुढची चार वर्षे स्नेहलतागंजमधल्या त्यांच्या घरी माझे फार लाड झाले. काका मला शुद्ध पाण्यात भिजवायचे, बाभळीच्या काट्याने माती कणाकणाने काढायचे. दर रविवारी वासुदेव येऊन भिंगातून पाहायचे. मग ते मुलाकडे पुण्याला गेले आणि रविवारचा फोन तेवढा उरला. त्यात पहिली चौकशी माझीच असे.

पुढे काकांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी ते दवाखान्यात होते आणि दिवाळी तोंडावर आली होती. शशिकलाकाकू देवाची भांडी घासायला बसल्या. त्यांना वाटले, नव्या डोळ्याने ह्यांना नाणे लख्ख दिसावे. चिंच आणि मीठ लावून, नारळाच्या शेंडीने त्यांनी मला घासून घासून काढले. त्यांचा हात मायेचाच होता, म्हणून मला रागावताही येत नाही.

काका घरी आले, त्यांनी मला भिंगाखाली धरले. मी झगमगत होते आणि माझ्या पाठीवर ना शिपाई उरले होते, ना झेंडे.

"अहो, दिसतंय ना साफ?" काकूंनी हौसेने विचारले.

"हो. एकदम साफ." काकांनी भिंग पुसून ठेवून दिले.

रविवारी फोन वाजला. "काय भिया, झेंडे निघाले का?"

काकांनी मला एका कागदात गुंडाळले. मग म्हणाले, "अजून नाही रे. थोडी मिट्टी बाकी आहे. पुढच्या संडेला बघू."

याला दोन वर्षे झाली. दर रविवारी तेच उत्तर जाते. मी कागदाच्या पुडीत आहे. पुडीवर काकांच्या अक्षरात लिहिले आहे, 'झेंडे एक की दोन?' ती आता कुणी उघडत नाही. फार एकटे वाटते, मित्रांनो.

एखादी जुनी वस्तू हाती आली, तर तिला चमकवण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, झेंडा एकच होता. वासुदेव जिंकले होते. पण हे काकांना सांगू नका. रविवारचा फोन येत राहायला हवा.